भरल्या पानावरून

माणसाला भरल्या पानावरून उठवू नये, हे आमच्या गावात शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही कळतं. वारीत तरडगावच्या मुक्कामी ते माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी गप्प बसले.

पवनीकडच्या आम्ही चौघी २०२३ साली आळंदीहून पंढरपूरला पायी निघालो. आमच्या भंडारा जिल्ह्यातून आषाढीला चालत जाणारं माणूस कमीच, कारण आषाढ म्हणजे रोवणा. धानाचे पऱ्हे तयार झाले की सगळं गाव बांधीत वाकलेलं असतं. आमची यात्रा महाशिवरात्रीची, गायमुखची. पण त्या वर्षी एकादशी २९ जूनलाच आली आणि पाऊसही लांबला. पऱ्हे टाकायलाच पाणी नव्हतं. भंडारा रोडवर महाराष्ट्र एक्सप्रेस धरली. एका दिंडीत भिशी भरली होती, त्यामुळे जेवणाची आणि तंबूची काळजी नव्हती.

ती भेटली दिवे घाटात. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा. माझ्या टाचेला फोड आला होता, मी कठड्याला टेकून बसले होते. एक म्हातारी न विचारता समोर बसली, पाय मांडीवर घेतला, काळा दोरा ओवलेली सुई फोडातून आरपार काढली आणि दोरा दोन्हीकडून बोटभर ठेवून तोडला. "दोरा आतच ऱ्हाऊ दे माय, त्याच्यातून पाणी निथरतंय," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी चालत होते.

ती जिंतूरकडची. भिशी भरलेली नाही, मोकळ्या समाजातली, म्हणजे कुठल्याच दिंडीत नसलेली. एक बोचकं, एक मेणकापड, गावोगावी वाटतात ते अन्न. आम्ही रोज बरोबर चालायचो. तिनं धान कधी पाहिलं नव्हतं. मी रोवणा सांगितला तेव्हा ती रस्त्यातच थांबली. "एकएक रोप हातानं? आन् समदं वावर?" मग तिनं कापूस वेचताना बोंडाची टोकं नखात कशी घुसतात ते सांगितलं. दोघींनी एकमेकींचे हात पाहिले.

लोणंद सोडलं, चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं आणि ऊन मला बाधलं. तरडगावला पोचले ती ओकतच. तिनं संध्याकाळभर माझं डोकं मांडीवर घेतलं, ओला पदर कपाळावर ठेवला. त्यात गावातलं अन्नवाटप संपून गेलं. ती माझ्यामुळे उपाशी राहिली. म्हणून मीच तिला आमच्या पंगतीत बसवलं. ती येत नव्हती, मी हाताला धरून आणलं.

पान वाढून झालं होतं. भात, आमटी, थोडी वांग्याची भाजी. तिनं भात कालवला होता. वाढणारा मुलगा कुणाला तरी बोलावून आणतो, तो माणूस समोर उभा राहतो. आवाज चढवला नाही. "माउली, उठा. ही दिंडीची पंगत आहे." माउलीच म्हणाला. शिवी दिली असती तर मी भांडले असते का? माहीत नाही. ती उठली, कालवलेला हात तसाच धरून बाहेर गेली, तंबूच्या मागे टँकरच्या नळाखाली धुतला. माझा घास हातात होता. आजूबाजूला तीसेक बायका होत्या, कुणी मान वर केली नाही. मीही नाही. आणि खरं सांगायचं तर मी तो घास खाल्ला.

नंतर गूळ-शेंगदाणे घेऊन तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "त्यायचं बी खरंय. मोजून शिजवतेत." खरंच मोजून शिजवतात. एकाला बसवलं तर पन्नास बसतील, हेही मला पटतं. तरीही पाच पानं जास्तीची धरायला काय हरकत आहे? भिशी भरताना प्रत्येकानं विचारावं, आम्ही पाहुणा आणला तर चालेल का, म्हणून. उठवायचंच असेल तर पान वाढायच्या आधी उठवा.

सकाळी ती रस्त्याच्या कडेला माझी वाट पाहत उभी होती. त्या रात्रीबद्दल ती पुन्हा बोलली नाही. मी मात्र फलटणपासून माळशिरसपर्यंत तोच विषय उगाळत होते.

वाखरीच्या गर्दीत आम्ही दोघी एकमेकींपासून सुटलो. चुकलो तर नामदेव पायरीशी भेटायचं ठरलं होतं. पंढरपुरात मी दुपारपासून दिवे लागेपर्यंत तिथे उभी होते. ती दिसल्यासारखं वाटलं तेव्हा जोरात हाक मारली, "माउली!" वीस-पंचवीस माणसं वळली. ती नव्हती. आणि तेव्हा लक्षात आलं की मला तिचं नाव माहीत नाही. पंधरा दिवस मी तिला माउली म्हणत होते, ती मला माय. तिच्याकडे फोन नव्हता. दिंडीच्या यादीत ती असण्याचा प्रश्नच नव्हता.

वारीत नाव-आडनाव कुणी विचारत नाही, याचं मला आधी फार कौतुक होतं. चौकशा करून माणसं तोलण्यापेक्षा हे किती बरं, असं मी घरी फोनवर सांगितलंही होतं. आता तेच बोचतं. नाव ठाऊक असतं तर त्या रात्री ते घेऊन मी बोलले असते, असं मन म्हणतं. पण नसते बोलले.

पुढच्या वर्षी एकादशी १७ जुलैला आली, त्याच्या पुढच्या वर्षी ६ जुलैला. दोन्ही वेळा मी बांधीत होते. २०२६ मध्ये ती २५ जुलैला आहे, म्हणजे ऐन रोवण्यात. घरी सांगून ठेवलं आहे, या खेपेला बांधीत मजूर लावा, मी तरडगावपर्यंत तरी जाणार.