फुल कव्हरवाली गाडी आणि आपली काळी माती

आज पिकाचं काही लिहीत नाही, मोटारसायकलचं लिहितो. तसं पाहिलं तर तेही अवजारच आहे. वखर-पांभर हंगामात चालतं, गाडी बाराही महिने चालते.

घरची १०० सीसीची गाडी चौदा वर्षांची झाली. इंजिन एकदा खोललं, आता परत धूर काढते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, कापसाचे थोडे पैसेही हातात आहेत, बाकीचं हप्त्यावर. म्हणून नवी घ्यायचं ठरलं. आणि ठरल्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले.

पोरगा नरडाणा एमआयडीसीत कामाला जातो. जाऊन-येऊन रोजचे साठ किलोमीटर. त्याला पाहिजे फुल कव्हरवाली. शोरूमवाले तिला फेअरिंग म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री पुढच्या भागाला डूम म्हणतात आणि बाकीच्याला कव्हर. मला पाहिजे उघडी, इंजिन डोळ्यांना दिसणारी. गाडी एकच येणार. सकाळी ती त्याची, दुपारनंतर वावराची, दूध-बाजाराची, आणि रात्रपाळीला लाईट असली की मोटार चालू करायला जायची. हप्ते चार वर्षं. तेव्हा हौस म्हणून सोडून देता येईना.

पोराचं म्हणणं खोटं नाही, हे आधी सांगतो. थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. पहाटे पाचला घरून निघून महामार्गावर साठच्या वेगाने गेलं तर छातीत वारा घुसतो, बोटं ब्रेकवर वळत नाहीत. वाऱ्याचा हिशेब असा की वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. चाळीसला जो वारा अंगाला नुसता लागतो तोच ऐंशीला माणसाला मागे ढकलतो. तिथे पुढचं कव्हर खरंच कामाचं. त्याने मोबाईलवर दाखवलं, १९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर१००आरएस नावाची गाडी काढली, हवेच्या बोगद्यात तपासून पूर्ण कव्हर बसवलेली. आपल्याकडे २००३ साली करिझ्मा आली, २००७ साली पल्सर २२० आली, दोन्हींना अर्धं कव्हर. तेव्हापासून पोरांच्या डोक्यात ही गोष्ट बसलेली आहे.

पण जर्मनीत थंडी, पाऊस, गुळगुळीत रस्ता आणि शंभराच्या वरचा वेग. आपल्याकडे? पोराच्या साठ किलोमीटरमधला महामार्ग तेवढा सोडला तर बाकी रस्त्याला पन्नासचा काटा ओलांडत नाही. आणि शेवटचे तीन किलोमीटर शिवरस्ता, काळ्या मातीचा.

काळ्या मातीत माझं मत पक्कं झालं. कृषी पदवीवाल्या मंडळींना सांगायला नको, या मातीत मॉन्टमोरिलोनाइटचा चिकणपणा आहे, पाणी पडलं की फुगते आणि धरलेलं सोडत नाही. आमच्याकडे चिखलाला गारा म्हणतात. जुलैत शिवरस्त्याला शंभर पावलं गेलं की पुढच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये गारा ठासून भरतो, चाक जाम. मग उतरायचं, पऱ्हाटीची काडी घालून खरडायचं, परत पन्नास पावलं. साध्या गाडीला मडगार्ड थोडं उंच करून घेता येतं, अगदीच अडलं तर चार बोल्ट खोलून पावसाळाभर काढूनही ठेवतात लोक (मग चेहऱ्यावर जे उडतं ते सोसायचं). कव्हरवाल्या गाडीचं पुढचं मडगार्ड टायरला चिकटलेलं असतं, बोट जाईल इतकीच फट.

माझ्या भाच्याकडे अशी गाडी आहे. ऑगस्टमध्ये तो आमच्याकडे आला, भर पावसात ती वावरापर्यंत नेली. चाकाने उडवलेला गारा खालच्या कव्हरात साचला, दोन दिवसांत वाळून विटेसारखा झाला. रेडिएटरच्या जाळीत माती, वरून बारीक काडीकचरा. गरम होण्याचा दिवा लागला. मिस्त्रीकडे नेली तर आधी कव्हरं खोलायचीच अर्धा तास मजुरी, त्यात एक चिमटी तुटली. मिस्त्री हसत म्हणाला, "आबा, हाई गाडी वावरमा लई जाऊ नका." उभ्या-उभ्या गाऱ्यात घसरून पडली तर साध्या गाडीचा फार तर ब्रेकचा दांडा वाकतो, लेगगार्ड मार खातो. कव्हरवाली त्याच पडण्यात पॅनल फोडून घेते, आणि तसं पॅनल आपल्या तालुक्याला लगेच मिळेल याचा भरवसा नाही.

आता मे महिन्याचं. इथे माझ्या बाजूचे लोक चुकीचं बोलतात. उघडी गाडी उन्हाळ्यात गार, असं नाही. त्रेचाळीस अंशांत जो वारा लागतो तो अंगापेक्षा गरम असतो, तो घाम सुकवतो आणि माणूसही सुकवतो. दुपारी पूर्ण बाहीचा सुती सदरा आणि डोक्याला-तोंडाला ओलं उपरणं नसेल तर उघड्या गाडीवर झळा सरळ छातीवर. कव्हर ती झळ अडवतं. पण गावात, बाजारात, फाटकाशी हळू चालताना तेच कव्हर इंजिनची गरमी गुडघ्यांवर आणून सोडतं. मे महिन्यात दोघी सारख्याच, असा माझा निकाल.

आडव्या वाऱ्याचाही विचार करा. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. जून-जुलैत पश्चिमेचा वारा महामार्गावर आडवा येतो, त्यात ट्रक ओलांडून गेला की गाडी हलते. बाजूने जितका पत्रा जास्त तितका वाऱ्याला धरायला जागा जास्त.

बाकी बाबतीत लांबण लावत नाही. युरियाची ४५ किलोची गोणी, फवारणीचा पंप, दुधाचा कॅन, हे उंच-तुटक मागच्या सीटवर बसत नाही. आणि पोराची आई लुगडं नेसून एका बाजूला बसते. मागच्या बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि चाकाला अर्ध्यापर्यंत जाळी हवीच, हा मोटार वाहन नियमच आहे. कव्हरवाल्या गाडीचे शौकीन पहिलं काम काय करतात? ती जाळी काढून टाकतात.

मी पोराला म्हटलं, झाकायचंच असेल तर चेन झाक. साध्या गाडीची चेन पूर्ण डब्यात बंद असते, गारा लागत नाही, तेल टिकतं. भाच्याची उघडी चेन एका पावसाळ्यात गंजून सैल झाली. पुढे छातीला झाकायला जाकीट आहे, ते दुपारी काढून डिक्कीत टाकता येतं. तो म्हणाला, "आबा, जाकीट घालून तुम्ही जा एक दिवस जानेवारीत पहाटे पाचला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थंडी त्याला लागते, मला नाही.

शेवटी १२५ सीसीची उघडी ठरली. बंद चेन, जाळी, लेगगार्ड, आणि किक. वावरात बॅटरी बसली तर किक लागतेच, आणि बहुतेक फुल कव्हरवाल्यांना ती नसते. १२५पर्यंतच्या गाड्यांना २०१९पासून दोन्ही ब्रेक जोडून लागण्याची सोय सक्तीची आहे, ओल्या डांबरावर तिचा उपयोग होतो. पोरासाठी हँडलवर छोटी पारदर्शक काच बसवायची, चार स्क्रूची, होळीनंतर काढून ठेवायची. हातमोजे आणि चांगलं जाकीट माझ्याकडून. तो पूर्ण खूश नाही, पण हो म्हणाला.

गाडी पुढच्या आठवड्यात येते. एक विचारायचं आहे. पुढे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीचं मडगार्ड कोणी उंच करून घेतलं आहे का? किती इंच वर घेतलं, आणि ब्रेकची नळी कुठून फिरवली? काळ्या शिवारातल्यांनीच सांगा, मुरमाडवाल्यांना हे दुखणं कळायचं नाही. फोटो असेल तर टाका.