जाहीर केलेलं बक्षीस

आमच्या वडनेरला कबड्डीच्या फायनलमध्ये कुणी पाहुणा माइकवर हजार रुपये बोलला, तर आयोजक ते तिथल्या तिथे मोजून घेतात. जबान दिली की दिली. मंत्री लाखांचा आकडा बोलले की खेळाडूच्या मात्र चकरा सुरू होतात. मग कोर्टात जाता येतं का?

जाता येतं. जिंकणं वेगळं. संविधानाच्या कलम २९९ प्रमाणे सरकारचा करार राज्यपालांच्या नावाने, लेखी लागतो. सत्कारातलं भाषण त्यात बसत नाही. पण १९७८ मध्ये मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सरकारच्या शब्दावर विसंबून कुणी पाऊल उचललं असेल, तर सरकारला सहज मागे फिरता येत नाही. त्या कंपनीने विक्रीकर माफीच्या भरवशावर वनस्पती तुपाचा कारखाना टाकला होता.

खेळाडूची अडचण इथेच आहे. स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं आणि मग राज्याने एक कोटी जाहीर केले. आधी पदक, नंतर घोषणा. अशात पैसे अडले तर ‘विसंबून तू केलंस काय?’ असं सरकारी वकील विचारणारच. मला हा युक्तिवाद कोडगा वाटतो, पण तो चालतो. स्पर्धेआधीच निघालेला, रक्कम लिहिलेला जीआर असेल तर कलम २२६ खाली हायकोर्टात बाजू भक्कम होते.

२०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनी, गरिबांचं घरभाडं भरू हे मुख्यमंत्र्यांचं पत्रकार परिषदेतलं वचनही बंधनकारक ठरवलं होतं. दोनेक महिन्यांत खंडपीठाने त्याला स्थगिती दिली.

गावातली पोरं विचारतात तेव्हा मी आधी जीआरची तारीख विचारतो. बहुतेकांकडे सत्काराचा फोटो असतो.