विरजणाचा थेंब

दुधाच्या पातेल्यात विरजणाचा चमचा चुकून बुडाला, की आमची आजी घर डोक्यावर घेई. "एक थेंब पुरे गं, सकाळी सगळ्याचं दही!" तिचं हे बोलणं पुढे प्रयोगशाळेत आठवेल, असं कधी वाटलं नव्हतं.

२०१२ साली मी एका प्रयोगशाळेत हिपॅटायटिस-सी विषाणूचा प्रकार ओळखण्याचं काम शिकत होते. १९८९ मध्ये शोध लागलेल्या या विषाणूचे प्रकार अनेक. आपल्याकडे तिसरा अधिक आढळतो. त्या काळी इंटरफेरॉनच्या सुया दुसऱ्या-तिसऱ्या प्रकाराला साधारण २४ आठवडे, तर पहिल्याला ४८ आठवडे घ्याव्या लागत. प्रकार कळल्यावाचून उपचार किती दिवसांचा, हे ठरत नसे.

पद्धत लांबलचक होती. रक्तातून विषाणूचा आरएनए काढायचा, त्यावरून डीएनए बनवायचा, पीसीआरने तो वाढवायचा. मग नळी उघडून त्यातला थेंब दुसऱ्या नळीत घालून पुन्हा वाढवायचा. त्या थेंबात कोट्यवधी प्रती! एके दिवशी पडताळ्यासाठी ठेवलेल्या नुसत्या पाण्याच्या नळीतही विषाणू 'सापडला'. विरजण माझ्याच हातून सांडलं होतं. त्या दिवशीचे सगळे निकाल बाद झाले.

बाहेर एक मुलगी वडिलांचा रिपोर्ट न्यायला आली होती. "ताई, सुया सहा महिने, की वर्षभर?" मी मान खाली घालून म्हटलं, "आठ दिवसांनी ये." ती काही न बोलता एसटीचे सुटे पैसे मोजू लागली.

आमचे तंत्रज्ञ अण्णा रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "नळी किती वेळा उघडलीस?" मग आम्ही एकेक पायरी तपासली. आरएनएचा डीएनए करणं आणि तो वाढवणं, दोन्ही एकाच बंद नळीत आणलं. विषाणू भरपूर असेल तिथे दुसरी फेरी गाळली. तयारीची खोली वेगळी केली. वेळ वाचला, आणि चुकीला वावही कमी झाला.

पुढे २०१६ मध्ये सर्व प्रकारांवर चालणारी गोळी आली. आता बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या पुरतात; आधी प्रकार ओळखण्याचीही गरज उरलेली नाही. आम्ही घाम गाळून सोपी केलेली तपासणीच गळाली! मला त्याचं वाईट वाटत नाही.

आज मी शिकवते. "मॅडम, ही पायरी गाळली तर चालेल?" असं कुणी विचारलं, की मी त्याला आळशी म्हणत नाही. ती पायरी कशासाठी आहे, एवढंच विचारते. दाराशी उभी असलेली ती मुलगी मात्र मला दिसत असते.