बत्तीसनंतर एकोणपन्नास

ह्यांच्या हातापायांना काहीच झालं नव्हतं, आणि भरपाईच्या दाव्यात आमची खरी अडचण तीच होती.

नारायण पेठेतल्या एका बोळात सहा माणसांचा बायंडिंगखाना होता. हे तिथं अठरा वर्षं कामाला. मे २०२२, गाईडांचा सीझन. पोटमाळ्यावरून कागदाची रीम उतरवताना शिडी सटकली आणि हे डोक्यावर आपटले. कवटीला तडा, आत रक्तस्राव, नऊ दिवस आयसीयू. सुरुवातीचं बिल मालकांनी भरलं, खोटं कशाला बोलू? घरी आले तेव्हा चालत होते, बोलत होते, माणसं ओळखत होते. वाड्यातल्या काकूंनी पत्र्या मारुतीला नारळ फोडला.

पुढचं हळूहळू कळत गेलं. दूध करपून घरभर धूर झाला तरी ह्यांना वास येत नव्हता. कधी आवाज न चढवणारा माणूस नळाच्या ठिबकण्यावरून ताट भिरकावू लागला. डॉक्टर म्हणाले, कपाळामागचा मेंदू दुखावलाय. कामांचा क्रम लावणं, रागाला आवर घालणं तिथून होतं.

क्रम लावणं हेच तर ह्यांचं काम. सोळा पानांचा एक फर्मा. फर्म्यावर फर्मा चढवून जुळणी करायची, मग शिलाई, मग कटिंग. चार महिन्यांनी मालकांनी परत कामावर घेतलं. पंधरा दिवसांत प्रकाशकाकडून गठ्ठा परत आला. पान ३२ नंतर थेट ४९. तिसरा फर्माच नाही.

मग मालक घरी आले. ‘‘वहिनी, आता नाही जमणार,’’ म्हणाले आणि स्टॅम्पपेपर पुढे केला: पंचाहत्तर हजार मिळाले, पुढे तक्रार नाही. सही करणारच होते मी. भावानं हात धरला.

तेव्हा कर्मचारी नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा लागू होता. वकीलबाईंनी सांगितलं, अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा, आणि असा करार आयुक्तांकडे नोंदवल्याशिवाय त्याला अर्थ नाही. बायंडिंग हे कारखान्याचंच काम मानलं जातं, त्यामुळे दुकान लहान आहे ही सबब चालत नाही. कायद्याला जोडलेली यादी त्यांनी दाखवली. अंगठा गेला तर इतके टक्के, बोट गेलं तर इतके, बोटाचं पेर गेलं तरी टक्के ठरलेले. मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोकं कुठेच नव्हतं. यादीत नसलेल्या दुखापतीत डॉक्टरांनी कमाईची क्षमता किती गेली ते सांगायचं असतं. आमच्या डॉक्टरांनी लिहिलं, चाळीस टक्के.

हिशेब असा: पगाराचे साठ टक्के गुणिले वयाचा आकडा. पगार १४,०००, म्हणजे ८,४००. चाळिसाव्या वर्षाचा आकडा १८४.१७. गुणाकार १५,४७,०२८. कमाई पूर्ण गेली असं ठरलं तर हे सगळे, नाहीतर त्यातले चाळीस टक्के.

पण १४,००० कशावरून? मस्टर नाही, पगार रोख. मालक दर महिन्याला पाकिटावर नाव आणि रक्कम लिहून द्यायचे. ती पाकिटं मी टाकत नसे. दूध, किराणा, भिशी असं लिहून त्यातच पैसे ठेवायची. अकरा पाकिटं निघाली, मालकांच्या अक्षरातली. माझ्या चिकटपणाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी शाबासकी दिली.

मग शिवाजीनगर कोर्टाच्या तारखा. नव्या पुलावरून आम्ही चालत जायचो. रिक्षात ह्यांना गरगरायचं. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, ‘‘हात-पाय नीट आहेत ना?’’ हे म्हणाले, ‘‘हो.’’ ‘‘कामाची माहिती आहे?’’ झालं! ह्यांनी घडीपासून कटिंगपर्यंत सगळं सांगितलं, एक पायरी न चुकता, अगदी खुलून. कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर तेज. मला आनंद व्हावा की कपाळाला हात लावावा, कळेना.

आमच्या बाईंनी शांतपणे परत आलेल्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक ह्यांच्या हाती दिलं. ह्यांनी पाठ चाचपली, पानं सरकवली आणि थांबले.

‘‘तिसरा फर्मा राहिलाय,’’ म्हणाले. ‘‘कुणी जुळवलंय हे?’’

सुप्रीम कोर्टाचा १९७५ चा एक निकाल बाईंनी वाचून दाखवला. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली असं कोर्टानं धरलं होतं. बाईंचं म्हणणं एवढंच, की क्रम न लावता येणारा बायंडर त्या सुतारासारखाच.

आमच्या कोर्टानं शंभर टक्के मान्य केले, वर बारा टक्के व्याज. मालकाला अपील करायचं तर आधी रक्कम भरावी लागते. ते अपिलात गेले नाहीत. कटिंग मशीन विकून पहिला हप्ता जमा केला. लक्ष्मी रोडला समोर आले तर आता बाजूनं जातात. मला त्यांचा राग येत नाही, पण हाकही मारवत नाही.

पाकिटं कोर्टाच्या फायलीतच आहेत. दुधाचे पैसे मी आता डब्यात ठेवते.