गुंडी

दागिन्याचं कौतुक होतं ते पुढून. मागे मानेशी काय आहे, हे बघायला कुणी जात नाही. पण दागिना गळ्यात राहतो तो त्या मागच्या जागेच्या जोरावर. तुशीला मागे रेशमी गोंडा आणि सरकती गाठ असते, सोन्याच्या साखळीला आकडा असतो, कुड्यांना फिरकी असते. वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेला यातलं काहीच नसतं, कारण ती एकदा गळ्यात पडली की उतरवायची नसते. बाकी सगळ्या दागिन्यांत पटवेकऱ्याने आणि सोनाराने एक गोष्ट धरून चाललेली असते. घालणारीचे दोन्ही हात मानेमागे पोचतात, नाहीतर गाठ ओढायला तिच्या मागे कुणीतरी उभं असतं.

माझी थोरली बहीण आक्का वडगावात राहते. दाजी गेले, आणि वर्ष उलटायच्या आत तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हळूहळू ती घरात हिंडू-फिरू लागली. पण डावा हात खांद्याच्या वर जाईना, बोटांत जोर राहिला नाही. मंगळसूत्र तर आधीच उतरलं होतं. २०२२ च्या मे महिन्यात सीमेपलीकडे, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ती बातमी सूनबाईने तिला वाचून दाखवली. सून धारवाडकडची, घरचं बोलणं कन्नड. मराठी पेपर वाचताना अडखळते, पण सोडत नाही.

आक्का म्हणाली, "ठराव केला ते बरं केलं. पण माझ्या गळ्यात रोज घालणार कोण?"

"मी घालते की, अत्ती."

"तू सकाळी बँकेत पळणारी. तुझ्यासमोर मान वाकवून बसू होय मी रोज?"

मी तिथेच बसलो होतो. तिला सोनं नको होतं, काळे मणी नको होते. गळा ओका वाटू नये आणि त्यासाठी कुणाला हाक मारावी लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

उद्यमबागेतल्या फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात माझा जन्म गेला. बीड निवताना फुटामागे सुमारे १/८ इंच आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, असल्या हिशेबांत वावरलेला मी माणूस. आमच्या जुन्या घराच्या माजघरातल्या शिसवी खुंट्या जपून ठेवल्या होत्या. लेथवर लावून त्यांचे मणी काढले. मणी करणं सोपं होतं. अडलं ते बंद करायच्या जागी.

लाकडी पेचाचा विचार कागदावरच सोडला. लाकूड पावसाळ्यात आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. मे महिन्यात सैल फिरणारा पेच आपल्या बेळगावच्या जुलैत घट्ट बसणार, आणि तो सोडवायला पुन्हा दोन हात लागणार. चुंबकाचा फासा बाजारात मिळतो, एका हाताने चट्कन बसतो. पण हिसका बसला की सुटतो, आणि हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी असलं जोरदार चुंबक छातीपासून निदान १५ सेंटीमीटर दूर ठेवायचं असतं. आक्काला पेसमेकर नाही. पण उद्या तिच्या एखाद्या मैत्रिणीने माळ मागितली तर?

मग वाटलं, हे बंद मानेमागेच हवं, असं कुणी सांगितलं? उपरणं टाकतात तशी माळ मानेवरून टाकावी, दोन्ही टोकं छातीवर यावीत, आणि डोळ्यांना दिसेल तिथे ती जोडावीत. त्यासाठी माळ २४ इंच लांब धरली. एका टोकाला कडी, दुसऱ्याला आडवी दांडी. दांडी उभी करून कडीतून काढायची आणि सोडून द्यायची. माळेच्या वजनाने ती आपोआप आडवी बसते.

कडी लाकडाची केली असती तर टिकली नसती. फळीतून कापलेल्या बारीक कडीत दोन जागी लाकडाचे तंतू आडवे येतात आणि ती नेमकी तिथेच मोडते. मोठ्या पॅटर्नमध्ये आम्ही तुकडे गोलाकार जोडून ही अडचण काढतो, पण बोटाएवढ्या कडीत तेवढी जागा कुठली? म्हणून नारळाची करवंटी घेतली. ती चिवट, आणि लाकडासारखी एका रेषेत चिरत नाही. कडीचा आतला व्यास १६ मिलिमीटर ठेवला. दांडी शिसवीची, तंतू लांबीच्या दिशेने ठेवून कातलेली, २६ मिलिमीटर लांब आणि ६ जाड, मधे दोऱ्यासाठी खाच. दांडीजवळचे इंचभर मणी मुद्दाम बारीक घेतले, कारण दांडी आत शिरताना तेही तिच्या बाजूने कडीतून जातात. मोठे मणी तिथेच अडले असते. दोरा चांभाराकडचा, मेण लावलेला.

सूनबाईने ते हातात घेऊन फिरवून पाहिलं. "मामा, ही गुंडीच की. तुमच्यात काय म्हणतात?"

"आमच्यातही गुंडीच."

आक्काने आम्हां दोघांना बाहेर घालवलं. "जावा तुम्ही. कुणी बघायला लागलं की हात कापतो." आतून बराच वेळ काही आवाज नव्हता. सून दोनदा उठली, दोनदा मी तिला बसवलं. आक्का बाहेर आली तेव्हा माळ गळ्यात होती, गुंडी छातीवर मधोमध. डाव्या तळव्याने कडी नुसती दाबून धरायची आणि उजव्या हाताने दांडी सारायची, ही युक्ती तिची तिनेच काढली होती.

शेजारणीने विचारलं, "माळ उलटी घातलीस काय गं?"

"मला दिसते ती पुढची बाजू," आक्का म्हणाली.

त्यानंतर अशा चार माळा केल्या. एक संधिवात झालेल्या बाईंना, तिची दांडी जरा जाड. एक अशा बाईंना, ज्यांना नजर कमी म्हणून कडी मोठी हवी होती. दोन घरांत बोलणं कन्नड, दोन घरांत मराठी. माप घ्यायला गेलो की गळ्याचा घेर मी शेवटी विचारतो. आधी म्हणतो, "हात कुठवर जातो, तेवढं दाखवा."