मामंजींचं पदक

मैत्रिणींनो, दिवाळीची साफसफाई करताना लालबागच्या आमच्या खोलीत, ट्रंकेच्या तळाशी मामंजींचं १९७१ च्या लढाईचं संग्राम पदक सापडलं. काळवंडलेलं. चिंच लावून घासायला घेतलं, तोच मामंजी ओरडले, "सूनबाई, नाव जाईल!"

पाहते तो काय, कडेला बारीक अक्षरांत त्यांचा नंबर, हुद्दा नि नाव! ते तोफखान्यात गनर होते, पण बोलत कधी नसत.

पुढच्या रविवारी त्यांना कुलाब्याचं अफगाण चर्च दाखवायला नेलं. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ साली खुलं झालं. उंच मनोरा, रंगीत काचा, आत गारवा. भिंतीवर साहेब अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांविषयी मात्र एवढंच, की ते फार होते, म्हणून नावं लिहिलेली नाहीत. मी अर्थ सांगितला. मामंजी बराच वेळ गप्प उभे राहिले.

मग म्हणाले, "मुंबई इलाख्यात २८ सप्टेंबर १८२७ ला गोलंदाजांची तुकडी उभी राहिली. तो दिवस तोफखाना अजून पाळतो. पण त्यातल्या एका तरी गोलंदाजाचं नाव आपल्याला ठाऊक आहे का?"

तुमच्याही ट्रंकेत असं पदक असेल. चिंच, राख लावू नका. मऊ, कोरड्या फडक्यानं पुसा. कडेचं नाव वहीत उतरवा. आणि ते मिळवणारं माणूस घरात असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा.