भंडाऱ्यावरची सकाळ

रविवार. भंडारा डोंगराच्या माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे, पण आम्ही गाडी पायथ्याशीच लावून पायवाट धरली. अरण्य म्हणावं असं इथे काही नाही. बाभळी, बोरी, मधूनच करवंदाच्या जाळ्या. एका बोरीखाली सातभाई पक्षी पाचोळा उलटापालटा करत कचाकचा भांडत होते. आम्ही थबकलो, तसं एकानं मान तिरकी करून आम्हाला न्याहाळलं आणि पुन्हा किड्याच्या मागे लागला. मोर नुसताच ऐकू आला.

देहूहून तुकोबा एकांतासाठी इथे येत. भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे डोंगरही त्यांच्या एकांताचेच. भंडाऱ्यावरची कोरीव लेणी तर त्यांच्याही कित्येक शतकं आधीची. तेव्हा खाली शेतं आणि इंद्रायणी एवढंच दिसत असणार. आज माथ्यावरून कारखान्यांचे पत्रे चमकतात. भामचंद्राच्या तर अगदी पायथ्याशी चाकणची एमआयडीसी येऊन ठेपली आहे. पोट त्यावरच चालतं, हेही खरंच. पण निदान हे तीन डोंगर तरी सोडावेत की!

येणार असाल तर उजाडतानाच या, पाणी सोबत घ्या, रिकाम्या बाटल्या परत न्या. आणि अभंग लावायचेच असतील तर हेडफोनवर ऐका. सातभाईंना स्पीकर नको आहे.